दोन ढीग

पाऊस उघडला, ओढ्याकाठच्या रंगखान्यांसमोर सूत वाळवायच्या दोऱ्या पुन्हा ताणल्या गेल्या, म्हणजे वखारीचे दिवस सुरू झाले. सूत रंगवायला उकळतं पाणी लागतं, पाणी उकळायला लाकूड लागतं, आणि लाकूड त्या सबंध वस्तीत एकाच ठिकाणी मिळायचं. वखारवाल्याच्या बापाने ती वखार घातली होती. रस्त्याच्या वळणावर ओंडक्यांचे ढीग, मधे लोखंडी काटा, मागे घर. घरात कुठेही हात टेकला तरी तळव्याला भुसा लागायचा.

हंगामाची पहिली ट्रॉली त्याने मधल्या रंगखान्याला नेली. मागे लाकडांवर पैलवान बसला होता. पैलवान म्हणजे काडीसारखा माणूस. लहानपणी कुणीतरी चेष्टेने नाव ठेवलं ते चिकटलं. पण कुऱ्हाड आणि पाचर हातात घेतली की त्याच्यापुढे कसलाही गाठाळ ओंडका टिकायचा नाही. वखारीत त्याची हयात गेली होती. फोडणं तो करायचा, वजन वखारवाला.

ट्रॉली रिकामी करून दोघं घाम पुसत उभे राहिले, तेव्हा रंगखान्याचा मालक बाहेर आला. त्याने ढिगाकडे बघितलं, मग जमिनीकडे बघत म्हणाला की यातलं अर्धं ठेवा आणि अर्धं परत न्या. वखारवाल्याला वाटलं, गंमत करतोय. पण मालक हसला नाही. म्हणाला, "तुमच्याच लेकीची करणी. यंदा सगळं काम तिच्या भट्टीवर घेतलंय, एवढं जळण लागत नाही मला."

उतरवलेलं लाकूड पुन्हा चढवायचं होतं. सूत पिळणाऱ्या बाया हातातलं काम थांबवून बघत होत्या. पैलवान वाकला आणि फोडलेला एकेक फाटा वर फेकायला लागला. वखारवाल्याची पाठ भरून आली होती, पण तोही वाकला. मधेच दारात तिथेच कामाला असलेली त्याची लेक आली. कोपरापर्यंत हात निळे, कपाळावर ओले केस. तिने बापाला लाकूड परत भरताना पाहिलं, क्षणभर थांबली आणि आत गेली.

लेकीची भट्टी त्याला काही नवीन नव्हती. गेल्या वर्षी तिने ती रंगखान्याच्या कोपऱ्यात, फॅब्रिकेशनवाल्याला हाताशी धरून, पडीक विटा आणि पत्र्यांची बांधली होती. ते पत्रेही वखारीच्या मागून उचललेले. आगीचा धूर सरळ धुराड्यात न सोडता विटांच्या बोगद्यातून दुसऱ्या कढईखाली फिरवायचा, तिथून तिसऱ्या, आणि सगळी धग काढून घेतल्यावर मगच बाहेर सोडायचा, एवढीच कल्पना. सरकारी नवकल्पना स्पर्धेत तिला ढाल मिळाली. ती ढाल वखारवाल्याने येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवली होती. काट्यावर बसल्या बसल्या सांगायचा, पोरीचं डोकं माझ्या आईवर गेलंय.

पण ती ढाल होती. ढाल फळीवर राहते, कुणाच्या पोटावर येत नाही.

संध्याकाळी लेक घरी आली, हात घासून धुतले तरी नखं निळीच राहिली. जेवताना तिनेच विषय काढला. स्पर्धा यंदा मोठी होणार होती. आजवर ढाल द्यायचे, फोटो काढायचे आणि जिंकलेली वस्तू तिथेच गंजून जायची. आता तसं नाही. देशाला धूर कमी करायचाय, झाडं राखायचीत, म्हणून जी कल्पना शेवटच्या चाचणीत उतरेल ती जागोजाग बसवायची, असं वर ठरलं होतं. तिची भट्टी शेवटच्या फेरीत पोचली होती. उतरली तर ओढ्याकाठच्या सगळ्या रंगखान्यांत बसणार आणि मग दुसऱ्या गावांतल्याही.

"सगळ्या म्हणजे सगळ्या?" वखारवाल्याने विचारलं.

"हो, अप्पा."

तो ताटातलं चिवडत बसला. त्याच्या बायकोने लेकीच्या ताटात आणखी वाढलं, आणि वाढताना थोडं बाहेर सांडलं. तिच्या उजव्या डोळ्यावर सारा, पांढरट पडदा, आला होता. लग्न होऊन आल्यापासून ती रंगखान्यात भट्टीपुढे बसायची. डोळे चोळत घरी यायची आणि उद्याच्या कामाला पुन्हा जायची. डॉक्टरने धुराचं नाव घेतलं तेव्हा फार उशीर झाला होता. आता घरातच असायची, काट्यावरचे आकडे तिला दिसायचे नाहीत म्हणून नवऱ्याने सांगितलेले मनात धरून ठेवायची. लेकीने त्या भट्टीचा ध्यास का घेतला हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या दिवसांत वखारीत लाकूड येत राहिलं आणि जाईना. डोंगराकडचे तोडणारे माल घेऊन आले, त्यांना त्याने नाही म्हटलं नाही. ढीग वाढले. वाट अरुंद झाली. पैलवान सवयीने फोडत राहिला. फोडलेल्याची रास छातीला लागली तरी थांबेना. वखारवाल्याने एकदा त्याला सांगितलं की आता राहू दे. पैलवान कुऱ्हाडीवर हनुवटी टेकून उभा राहिला. त्याच्या खांद्याचं हाड सदऱ्यातून वर आलं होतं. त्याने हळूच विचारलं, "राहू दे, मग मी करू काय?"

पैलवानाने पाचर पुन्हा भेगेत बसवली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पैलवानाची बायको पूर्वी पाणी भरायला जाताना वखारवाल्याच्या बायकोशी दोन शब्द बोलायची. ती आता पलीकडच्या कडेने जाऊ लागली. तोडणाऱ्यांपैकी एकाने चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की वखारवाल्याच्या घरातच आग लागलीय आणि तो वर फुंकर घालतोय. लोक हसले. वखारवाल्याने चहा अर्धा टाकून दिला.

एकदा दुपारी तो मधल्या रंगखान्यात गेला. कारण काढून गेला नाही, नुसता गेला. लेक आणि फॅब्रिकेशनवाला चाचणीसाठी भट्टीचं तोंड नव्याने बांधत होते. फॅब्रिकेशनवाला गप्पिष्ट माणूस, पण वखारवाल्याला बघून त्याने काच डोळ्यांवर ओढली आणि ठिणग्या उडवायला लागला. लेकीने चिखलाचे हात तसेच ठेवून बापाला सगळं फिरून दाखवलं. आग एकच होती आणि तिन्ही कढयांतलं पाणी हलत होतं. सुताच्या लड्या काठीवरून सोडणाऱ्या बायका डोळे न पुसता काम करत होत्या. ते त्याच्या आधी लक्षात आलं नाही. काहीतरी कमी आहे एवढंच वाटलं. कुणी खोकत नव्हतं.

जाता जाता त्याने धुराड्याला हात लावला. आयुष्यात त्याने चालू भट्टीच्या धुराड्याला हात लावला नव्हता, चामडी सोलून निघाली असती. हे कोमट होतं. दूध प्यायला द्यावं इतपत कोमट. त्याने हात तसाच ठेवला. लाकडात जेवढं होतं तेवढं सगळं हिने काढून घेतलं होतं, काही म्हणून वाया जाऊ दिलं नव्हतं. त्याला पोरीचा अभिमान वाटला, आणि त्याच दमात वखारीत वाढत चाललेले ढीग आठवले.

चाचणीच्या आदल्या दिवशी स्पर्धेच्या बाई वखारीत आल्या. साध्या बाई होत्या, उन्हाने चेहरा लाल झालेला. त्यांनी पाणी मागून घेतलं आणि काट्यापाशी ओंडक्यावर बसल्या. दोन भट्ट्या शेजारी शेजारी पेटवायच्या, एक जुनी, एक नवी. दोन्हींना एकसारखं लाकूड, वजनाने आणि जातीने. किती सूत रंगतं, किती जळण उरतं, ते परीक्षक बघणार. लाकूड याच वखारीतून घ्यायचं ठरलं होतं. तुम्ही मुलीचे वडील, म्हणून आधी आम्ही बिचकलो, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. पण ओढ्याकाठी ज्याला त्याला विचारलं, तर सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की या माणसाचा काटा कुणासाठी झुकत नाही, स्वतःच्या पोरीसाठीही झुकणार नाही.

वखारवाला मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने विचारलं, की हे सगळीकडे बसलं म्हणजे वखारींचं काय, फोडणाऱ्यांचं काय, तोडणाऱ्यांचं काय. त्यासाठीही काही स्पर्धा आहे का.

तो चिडून बोलला नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाईंनी पदराने गळा पुसला. "नाही," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं हे कुणीतरी. आमच्याकडे तो विषयच नाही." पाण्याचं भांडं परत देऊन त्या उठल्या.

दिवस कलताना तो आणि पैलवान लाकूड निवडायला लागले. चांगला माल शेडखाली होता, दोन उन्हाळे खाल्लेला. एक ढीग त्यातून झाला. दुसऱ्या ढिगासाठी पैलवान शेडकडे न जाता ओढ्याच्या अंगाला गेला. तिथे खालच्या थराने पावसाळाभर पाणी प्यालं होतं. वरची साल उन्हाने वाळून करकरीत झाली होती, आत मात्र ओल मुरलेली. पैलवानाने त्यातले चार-पाच फाटे उचलून आणले आणि वखारवाल्याच्या पायाशी टाकले. फक्त बघत राहिला.

वखारवाल्याने एक फाटा हातात घेतला. हाताला लगेच कळलं. ओलं लाकूड वजनाला जड, म्हणजे तेवढ्याच वजनात फाटे कमी चढणार, आणि त्यातलंही निम्मं पाणी. त्याने तो खाली ठेवला. पैलवान थांबला होता. आत घरात बायको भांडी लावत होती, लेक उद्यासाठी कपडे धूत होती.

"भर," वखारवाला म्हणाला.

सकाळी मधल्या रंगखान्यात जत्रा भरल्यासारखी माणसं जमली. ओढ्याकाठचे सगळे मालक आले होते, कारण उद्या ती भट्टी त्यांच्याकडे येणार होती. परीक्षक खुर्च्यांवर बसले. वखारवाल्याने स्वतःच्या हाताने दोन्ही ढीग तोलले आणि दोन्ही वेळा काटा स्थिर होईपर्यंत थांबला. सगळ्यांनी माना डोलवल्या. एक ढीग जुन्या भट्टीपुढे गेला, दुसरा नव्या. त्याची बायकोही आली होती. लेकीचं काम बघायचं म्हणून पदर सावरून भिंतीशी बसली होती.

लेकीने पहिला फाटा उचलला आणि तिचा हात मधेच थांबला. ती वखारीत रांगलेली पोर. तिने दुसरा फाटा घेतला, दोन्ही एकमेकांवर आपटले. बद्द आवाज झाला. तिने वर पाहिलं, सरळ बापाकडे. वखारवाल्याला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर त्याला बरं झालं असतं. पण तिने नजर काढून घेतली, खाली बसली आणि ते लाकूड भट्टीत रचायला लागली.

आग धरेना. साल भुरकन जळून गेली आणि आतून फेस यायला लागला. बोगद्यातून फिरायचा तो धूर उलटा तोंडाशी आला. लेक जमिनीवर आडवी होऊन फुंकत होती, गाल राखेने माखले होते. फॅब्रिकेशनवाला एकदा दार उघडायचा, एकदा मिटायचा. हे असं कधीच झालं नव्हतं असं जो दिसेल त्याला सांगत होता. शेजारची जुनी भट्टी मस्त धडधडत होती, तिची कढई उकळायला लागली होती. मालक एकमेकांकडे बघून ओठ मुडपत होते. एका परीक्षकाने दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

धूर खाली बसला, तसा भिंतीकडे सरकला. बायका तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. वखारवाल्याची बायको उठली नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती लेकीच्या दिशेने बघत म्हणत होती, "घाबरू नको, बाळा. पेटंल. मी पेटवलीय अशी कैकदा."

वखारवाला उठला. आपण उठलोय हे त्याला उभं राहिल्यावर कळलं. परीक्षकांच्या खुर्च्यांपुढे जाऊन तो म्हणाला, "थांबवा. लाकूड ओलं आहे. मीच दिलं."

कुणाला आधी समजलंच नाही. बाईंनी विचारलं, चुकून गेलं का. त्याने मान हलवली. "चुकून नाही. बघून दिलं." गर्दीच्या कडेला पैलवान उभा होता. वखारवाल्याने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याचं नावही घेतलं नाही.

एकदम कुजबूज सुरू झाली. सगळ्यात जुना रंगखानेवाला पुढे आला. वखारवाल्याच्या बापाच्या काळापासून त्याने याच वखारीतून लाकूड घेतलं होतं. तो काही ओरडला नाही. एवढंच म्हणाला, की मग आजवर आम्ही काय काय जाळलं ते देवालाच ठाऊक. वखारवाल्याला हे सगळ्यात जास्त लागलं. आजवर एक काडी खोटी दिली नव्हती. पण ते आता कुणाला सांगणार.

बाईंनी परीक्षकांना बाजूला घेतलं. बराच वेळ त्यांचं चाललं होतं. शेवटी चाचणी पुन्हा घ्यायचं ठरलं, लाकूड मात्र दुसऱ्या गावाहून मागवायचं. वखारवाल्याला घरी जायला सांगितलं. तो निघाला तेव्हा वाट आपोआप मोकळी झाली. मागून बायको आली, त्याच्या दंडाला धरून चालायला लागली. नेहमी डोळ्यामुळे धरायची. त्या दिवशी कुणी कुणाला धरलं होतं ते सांगणं कठीण.

दुसऱ्या चाचणीला तो गेला नाही. निकाल त्याला रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळला. भट्टी कसोटीला उतरली होती. निम्म्याहून कमी लाकडात तेवढंच सूत.

लेक उशिरा आली. आईच्या पाया पडली, बापाजवळ आली नाही. दोन-तीन दिवस तसेच गेले. मग एका सकाळी तो वखारीत एकटाच बसला असताना ती चहा घेऊन आली आणि ओंडक्यावर बसली. त्याने विचारलं, कळलं होतं तर बोलली का नाहीस. ती म्हणाली, त्या माणसांपुढे मी तुम्हाला खोटं पाडू?

"मग मीच पडलो की."

"हो," ती म्हणाली. "पण मला राग आलाय, अप्पा. तुम्ही कबूल केलंत म्हणून तो गेलेला नाही. आई धुरात बसली होती. गेला की सांगेन."

त्याने मान डोलवली. चहा संपवून कप परत दिला.

भट्ट्या बसायला लागल्या. एकेका रंगखान्यातली जुनी भट्टी फोडायची, नवी बांधायची. फोडायला पैलवान गेला. पाचर आणि घण त्याच्याजवळ होतेच. लाकूड नाही तर विटा. संध्याकाळी अंगभर काजळी घेऊन तो वखारीवरून जायचा तेव्हा पावलं हळू करायचा. एकदा आत आला. म्हणाला, की तुम्ही माझं नाव घ्यायला हवं होतं, दोघांनी केलं ते एकट्याने कशाला उचललं. वखारवाल्याने त्याला बस म्हटलं. तो बसला नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबला.

उन्हं तापायला लागली तेव्हा लेकीला दुसऱ्या गावांतून बोलावणी येऊ लागली. ती एसटीने जायची, आठवडा राहून यायची. एकदा ती गेली त्याच दिवशी परतली. दंडावर खरचटलं होतं. तिथल्या वखारवाल्याने रंगखान्याच्या फाटकापुढे ओंडके आडवे टाकले होते आणि बायकामुलं घेऊन त्यावर बसला होता. विटांची गाडी आत जाऊ देईना. ओढाताण झाली. स्पर्धेच्या बाई पोलिसांना कळवते म्हणाल्या, लेकीने एक दिवस मागून घेतला होता.

तिने हे आईला सांगितलं. बाप आत होता, ऐकत होता. मग ती आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"अप्पा, उद्या माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. "मी त्या माणसाशी काय बोलणार? माझ्या तोंडून काही निघेना."

तो म्हणाला, माझ्याजवळ तरी काय आहे त्याला द्यायला.

"काही नाही. तरी चला."

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. एसटीत ती खिडकीशी बसली, तो तिच्या शेजारी. गावाबाहेरच उतरले. फाटकापुढे खरंच ओंडके होते, चांगल्या जातीचे, वाळलेले. त्यांवर एक आडव्या बांध्याचा माणूस मांडीवर कुऱ्हाड घेऊन बसला होता. मागे बाया, पोरं, दोन-चार फोडणारे. लेकीला बघून तो उठला आणि कुऱ्हाड हातात घट्ट झाली.

लेक थांबली. वखारवाला पुढे गेला, हातभर अंतर राखून उभा राहिला.

"तू कोण?" त्या माणसाने विचारलं.

"माझी वखार आहे. होती म्हणा," तो म्हणाला. "ही माझी लेक."

त्या माणसाने आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. तळव्यांचे घट्टे, बोटांच्या भेगांत बसलेली काळी साल. मग लेकीकडे. मग पुन्हा याच्याकडे.

"तुझी बुडाली?"

"बुडाली."

"मग आता काय करतोस?"

वखारवाल्याने सगळ्या वाटेत शब्द जुळवले होते. भट्ट्या फोडायचं काम निघतं, ट्रॉलीने विटा ओढता येतात, बाई वरच्यांना विचारणार आहेत, असं बरंच काही. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर त्यातला एकही जिभेवर येईना.

"अजून काही नाही," तो म्हणाला.

ऊन चढलं होतं. पोरांपैकी एक कुरकुरायला लागलं, त्याच्या आईने त्याला कडेवर घेतलं. त्या माणसाची मूठ कुऱ्हाडीवर होती ती हळूहळू सैल झाली, पण त्याने ती खाली ठेवली नाही. तो परत ओंडक्यावर बसला. थोड्या वेळाने जरा बाजूला सरकला.

वखारवाला त्याच्या शेजारी जाऊन बसला.